राणीचा रुमाल आणि ब्रूनो

प्रिय बाबा,

तुमच्या लेकीने नसता उद्योग सुरू केलाय, आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात. हे ऐकवायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितेय.

अल्सेशियन, मॅलिनॉइस, रॉटवायलर... कामासाठी घडलेली ही कुत्री गुरुग्राममधले लोक हौसेने आणतात आणि वर्षभरात कंटाळतात. आम्ही काही मैत्रिणी ती सोडवून आणतो. शेड नाही, पिंजरे नाहीत. कायमचं घर मिळेपर्यंत प्रत्येक कुत्रा कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून राहतो. बोलायला किती सोपं, नाही? पहिल्याच कुत्र्याने नाकी नऊ आणले.

त्याचं नाव ब्रूनो. मॅलिनॉइस. विसाव्या मजल्यावर दिवसभर एकटा. सोफा फाडला, दार ओरबाडलं. मालक फोनवर म्हणाला, "मॅम, संडे तक ले जाइए, नहीं तो हाईवे पे छुड़वा दूँगा." जुनी गादी टाकून द्यावी तसा बोलला हो! मी ज्याला त्याला फोन केले. सगळे "बिल्कुल, बिल्कुल" म्हणायचे, आणि मग कुणाची सासू येणार असायची, कुणाला शिंका यायच्या. माझी स्वतःची दोन कुत्री घरात आधीच आहेत, आणि ब्रूनोला दुसरं कुत्रं डोळ्यांसमोर चालत नाही.

तेव्हा सारखी राणी आठवायची. तुमच्या श्वानपथकातून निवृत्त झालेली राणी तुम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आणलीत, तेव्हा आई दारातच उभी राहिली होती. "दोन खोल्यांत आम्ही राहायचं की हिने?" मी मात्र हरखले होते. तुम्ही ड्यूटीवर बाहेरगावी गेलात आणि मी तिचे लाड सुरू केले. गादी, दूध-पोळी, डोक्यावर पंखा. बिचारीने जन्मभर नोकरी केली, आता आराम! सरकारी कॉलनीतली मुलगी मी, रिटायर म्हणजे मला तेवढंच ठाऊक. राणीने खाणंच सोडलं. दाराकडे तोंड करून पडून राहायची.

तुम्ही आलात आणि बूटही न काढता तिच्याजवळ बसलात. "अगं मनू, पेन्शन दिलीस, काम कुठे दिलंस?" मग खिशातला घामट रुमाल स्वयंपाकघरात लपवून आलात आणि म्हणालात, "शोध!" काय उठली ती! रुमाल तोंडात घेऊन आली, आणि मग ताटली चाटूनपुसून साफ केली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तोच कार्यक्रम. शेजारचे काका खिडकीतून ओरडायचे, "भाईसाहब, हमारे स्कूटर की चाबी भी ढुँढवा दो!" एकदा तर तुम्ही रुमाल पिठाच्या डब्यात घातलात. आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "माझ्या स्वयंपाकघरात नाक घालायचं नाही. दोघांनीही!" तुम्ही आणि राणी माना खाली घालून उभे. अजून हसू येतं.

एक विचारू? रागावू नका. राणीच्या बाबतीत कळलं ते स्वतःला का नाही लावलंत? रिटायर झालात आणि इथे गुरुग्रामशेजारच्या द्वारकेच्या घरी बाल्कनीत पेपर घेऊन बसलात ते बसलातच. आता आराम म्हणे! आणि तुम्ही गेल्यावर त्याच खुर्चीत आई बसायला लागली. टीव्ही चालू, लक्ष कुठेच नाही. जेवलीस का विचारलं तर, "मला आता काय करायचंय?" मला फार भीती वाटायची, बाबा.

रविवारी ब्रूनोला गाडीत घातलं आणि कुठे न्यावं सुचेना, म्हणून द्वारकेला गेले. "आत आणू नकोस हं," आई दारातूनच म्हणाली. तो व्हरांड्यात येरझारा घालत होता, धापा टाकत होता. आई बराच वेळ बघत राहिली.

"ह्याला काम नाही का गं काही?"

मी काही बोलायच्या आत ती पुढे झाली. कमरेला खोचलेला रुमाल त्याला हुंगवला आणि आत गेली. डब्यांचा आवाज आला. मग आतून हाक आली, "शोध!" अगदी तुमच्यासारखी, बाबा! ब्रूनोला कुठला तो शब्द माहीत? पण नाक होतं ना. सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं त्याने, आणि पिठाच्या डब्यामागून रुमाल काढला. आई खळखळून हसली. मी तिथेच रडायला लागले.

"राहू दे दोन दिवस," ती म्हणाली.

ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. ब्रूनोसाठी दोन चांगली घरं आली, दोन्हींत तिने खोड काढली. काल संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "आत्ता नको बोलूस गं, आम्ही कामात आहोत."

बाबा, तुम्हाला वचन देते. माझ्याकडे येणाऱ्या एकाही कुत्र्याला नुसती गादी देऊन मी मोकळी होणार नाही. आईलाही नाही.

तुमची सगळ्यात जुनी शिकाऊ,
मनू