झाकण मिटायचं नाही

३ तारीख, सोमवार. सकाळी ९.४०
इंटरव्ह्यू आला! १३ तारखेला, गुरुवारी अकरा वाजता, ऑनलाइन. कंपनी वॉशिंग मशीनची, पद तक्रार विभागाच्या सुपरवायझरचं. माझ्याच मापानं शिवलेलं. एकोणीस वर्षं मी पाण्याच्या पंपांच्या कंपनीत फोनवर तक्रारीच ऐकल्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी तो विभागच बंद केला, तो भाग वेगळा.
एकच किरकोळ अडचण. लॅपटॉप स्लीपमधून उठला की वाय-फाय जोडत नाही. रीस्टार्ट केला की येतं. दहा दिवस हातात आहेत. आजच निकालात काढतो.

४ तारीख, मंगळवार
नाही निघालं. राऊटर कपाटावरून खिडकीत नेला, मग फ्रिजवर. फरक शून्य. संध्याकाळी कन्या कॉलेजातून आली आणि म्हणाली, बाबा, माझ्या खोलीतलं नेट गेलं. वर म्हणे राऊटरचा काही संबंध नाही, माझा फोन झोपून उठतो की नीट. मी म्हटलं, फोनचं वेगळं असतं. कसं वेगळं, असं तिनं विचारलं. तेवढ्यात मला भूक लागली.

५ तारीख, बुधवार
बायको म्हणते, लॅपटॉपवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन कर. हसूच आलं. एकोणीस वर्षं मीच हेल्पलाइन होतो! "सिस्टिम चेक करतोय, लाइनवर राहा," असं पलीकडचा म्हणतो तेव्हा तो चहा पीत असतो. मी प्यायचो. आमच्यापैकी एकानंही पंप आतून पाहिला नव्हता. मोटर गरम होते का, एवढंच विचारायचं. हो म्हणाला तर थंड होऊ द्या, नाही म्हणाला तर थोडी गरम होऊ द्या. असल्या लोकांना मी फोन करू?
संकल्प: बाहेरची मदत घ्यायची नाही.

७ तारीख, शुक्रवार. दुपार
व्हिडिओ बघून वाय-फायचा ड्रायव्हर काढून टाकला. काढला की आपोआप परत येतो म्हणे. व्हिडिओतल्याचा आला. माझा आला नाही. आता रीस्टार्ट करूनही वाय-फाय नाही. एका अर्थानं ही प्रगतीच, कारण दोष आता लपून राहिलेला नाही.

८ तारीख, शनिवार
कन्येनं मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून ड्रायव्हर आणून टाकला. ही बाहेरची मदत नव्हे, मुलगी घरचीच आहे. मूळ दोष आहे तिथंच. पॉवर सेटिंग बघू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तू तुझा अभ्यास बघ.

१० तारीख, सोमवार. सकाळी ११
डोकं चाललं! दुखणं झोपेतून उठल्यावरचं, मग झोपूच द्यायचा नाही. स्लीपच्या सेटिंगला 'कधीच नाही' केलं. फक्त झाकण मिटलं तर झोपतो. म्हणून स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: झाकण मिटायचं नाही.
दोघी बाहेर पडल्या की घर अंगावर येतं. बायकोनं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आता रविवारचीही ड्यूटी घेतली आहे. बोलत काहीच नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ही नोकरी हातची गेली तर या वयात मला दुसरी कोण देणार? भीती वाटते. जाऊ दे, असलं लिहायचं नाही.

१२ तारीख, बुधवार
लॅपटॉप पन्नास तास जागा आहे. वाय-फाय ठणठणीत. बायको म्हणाली, माझ्या फोनवरून करून टाक ना इंटरव्ह्यू. मी म्हटलं, सुपरवायझर फोनवर बसत नसतो.

१३ तारीख, गुरुवार. १०.४५
सज्ज. इस्त्रीचा शर्ट. बायकोनं अर्धी रजा काढली आहे. वाय-फाय फुल.

१०.५४
कॅमेऱ्यात माझ्यामागे वाळत घातलेले कपडे दिसतात. आतल्या खोलीत जातो.

११.०२
नेताना झाकण मिटलं. उघडा लॅपटॉप घेऊन कोण चालतं? सवयीनं मिटलं. चिठ्ठी आतच मिटली गेली. वाय-फाय नाही. रीस्टार्ट करतोय.

११.०९
अपडेट सुरू झालं. ४ टक्के. आजच!

११.१७
११ टक्के. बायको फोन पुढे करून उभी आहे. म्हटलं, थांब जरा, होतंच आहे.

११.२६
३० टक्के. घाम फुटलाय. बायकोनं फोन टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली. देवा, एवढं एक होऊ दे.

११.४८
झालं. वाय-फाय आलं. लिंक उघडली. मीटिंग संपली आहे, असं लिहून आलं.

दुपारी ३
अजून सगळं संपलेलं नाही! कंपनीतल्या बाईंचा स्वतःहून फोन आला. काय अडचण झाली, असं विचारलं. मी राऊटरपासून अपडेटपर्यंत सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या हेल्पलाइनला फोन केला होता का? मी ठामपणे म्हटलं, मॅडम, हेल्पलाइनला फोन करून काही होत नसतं, हे माझ्याइतकं आतून कोणाला माहीत आहे? त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारलं. लिहून घेत असाव्यात. मग म्हणाल्या, कळवतो. अनुभवाची छाप पडली असं वाटतं. बायकोला हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली.

१५ तारीख, शनिवार
बायकोनं हेल्पलाइनला फोन केला. मी ऐकत नव्हतो, फक्त दाराशी उभा होतो. पलीकडे कोणी मुलगी होती. तिनं सेटिंगमधली एक टिक काढायला लावली. वीज वाचवायला लॅपटॉप वाय-फायचं कार्ड बंद करायचा आणि उठल्यावर चालू करायला विसरायचा. चार मिनिटांत काम झालं. आणखी काही अडचण आहे का, असं मुलीनं शेवटी विचारलं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, आहे, पण ती तुमच्याकडची नाही.
टिक मीही काढणारच होतो. यादीत होती.

१७ तारीख, सोमवार. सकाळी १०.०५
झाकण उघडलं. दोन सेकंदांत वाय-फाय आलं आणि पाठोपाठ मेल आला. आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत, या पदासाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे.

१०.२०
झाकण मिटलं. पाच मिनिटं झोपू दिला. उघडलं. वाय-फाय लगेच आलं. मेल तोच होता. पुन्हा एकदा करून पाहिलं.

१०.४०
बायकोचा लॅबमधून फोन. कंपनीचा काही मेल आला का, असं विचारत होती. आवाजात आशा होती. म्हटलं, बघतो, वाय-फाय पुन्हा गेलंय.