ईनॉकच्या वाडग्यावरचा शिक्का

ब्रायटन, ३ मार्च १९७१

ती. हेस्टरआत्यास,
क्लिफर्डचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं तर मुद्दाम चढशील, म्हणून काही म्हणत नाही.

आजोबांनी केलेला गुलाबी काचेचा वाडगा माझ्या दुकानातर्फे लिलावाला दिलाय. लिलाववाले म्हणाले, बुडावर कारखान्याचा शिक्का नाही, म्हणजे हा इंग्लंडचा नाही, परदेशातल्या बोहेमियाचा, कारागीर अज्ञात. म्हणून एका ओळखीच्याकडून आपल्या वर्ड्स्लीच्या काचकारखान्याचा शिक्का मारून घेतला. फोटो सोबत आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही! तू तिथे एकतीस वर्षं शिक्के मारलेस. शिक्का पहिल्यापासून होता, एवढं दोन ओळींत लिहून सही कर. आजोबांचाच मान वाढेल.

लोभ नेहमीइतका असू दे, ओरडा जरा कमी.
तुझा क्लिफ


वर्ड्स्ली, ६ मार्च

चि. क्लिफर्डास आशीर्वाद, या खेपेला अर्धेच.

कुणाला कळणार नाही म्हणे! फोटो भिंगाखाली धरला आणि हसू की रडू कळेना. साठ वर्षं टेबलावर सरकून त्या बुडाला ओरखडे पडलेत. खऱ्या शिक्क्यावरून ओरखडे जातात. तुझा शिक्का ओरखड्यांवर बसलाय! आणि त्यात ‘मेड इन इंग्लंड’. ते शब्द आमच्या शिक्क्यात आले १९२५ साली. तो नवा रबरी शिक्का काच खाणाऱ्या आम्लात बुडवून पहिल्यांदा मीच मारला. बाबा गेले १९१२ला. शाबास रे नातवा, आजोबांना थडग्यातून उठवून पाळीवर पाठवलंस!

अरे, शिक्का नव्हता कारण वाडगा मालकाचा नव्हताच. पाळी संपली की उरलेल्या काचेतून कारागीर आपल्या घरासाठी काहीबाही फुंकायचे, मालक काणाडोळा करायचे. अशा वस्तूला शिक्का मिळत नसे. १९०८ साली बाबांनी तो आईसाठी केला. मी सही करणार नाही, पुन्हा विचारूही नकोस.

राग आहे. माया आहेच.
आत्या


ब्रायटन, ९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चुकलो, कबूल. पण लिलावाची यादी दोन आठवड्यांत छापायला जाईल. तू सही केली नाहीस तर ‘बोहेमिया, कारागीर अज्ञात’ असंच छापतील. मग आजोबांचं काय उरलं? खोट्या शिक्क्याने का होईना, वाडगा आपल्या गावचा तरी ठरेल. हट्ट सोड ना गं, पाया पडतो.

शिव्या दे, पण उत्तर दे.
क्लिफ


वर्ड्स्ली, १२ मार्च

चि. क्लिफर्डास आशीर्वाद.

हट्ट सोडू? आम्लाने भाजलेली माझी बोटं तू लहानपणापासून पाहिलीयस. एकतीस वर्षं मी मालकाचं नाव उठवलं. हजारो वाडगे हातून गेले, पण ज्यांनी ते फुंकले त्यांचं नाव एकावरही नाही. एक वाडगा त्या नावाशिवाय घरी आला होता, तर तू त्यावरही तेच डकवलंस!

सही हवी होती ना? केली. लिलाववाल्यांना काल थेट पत्र टाकलं. शिक्का खोटा, नुकताच मारलेला. वाडगा वर्ड्स्लीचा, १९०८चा, उरल्या काचेचा. करणाऱ्याचं नाव छापत असाल तर विका, नाहीतर माझ्या आईचा वाडगा मला परत पाठवा. तुझ्या दुकानाची नाचक्की होईल, होऊ दे. तीही मान वर करून सोस.

चूक नको म्हणून नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं: ईनॉक टँडी, काच फुंकणारा. खाली सही केली: हेस्टर टँडी, त्याची मुलगी.

तुझ्यावर लोभ आहे, तो मागावा लागत नाही.
आत्या