‘नाही’भोवतीचा गोल

११ फेब्रुवारी

“ओढ गं बिनधास्त. बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं जातं.”

तेवीस वर्षांपूर्वी माझ्यासोबत काम करणाऱ्या तोशिकोबाई म्हणाल्या होत्या, मासळीच्या कारखान्यामागे. मिनोरी पोटात होती. आम्ही दोघी रबरी बूट घालून उकिडव्या बसलेल्या. हातांना बांगड्याचा वास, त्यात तो धूर.

तोच धूर आज न्हाणीघरात. मिनोरी नवऱ्याला, काझुमाला, सेंदाईत ठेवून बाळंतपणासाठी माहेरी आली, त्याला चार दिवस झाले, आठवा लागलाय. खिडकी उघडी, बाहेर बर्फ, आणि रिकाम्या कुंडीत चार थोटकं. ओली, पिवळी, टोकाला तिच्या ओठांचा रंग. चिमटीत उचलली.

१२ फेब्रुवारी

विचारलं. लपवलं नाही तिनं.

“दिवसाला चार-पाचच गं, आई. काझुमाला बोलू नकोस, उगाच घर डोक्यावर घेईल.”

“बाळाला त्रास होईल, मिनोरी.”

“मी नाही का झाले एवढीशी? एकवीसशे ग्रॅम. अकरा दिवस काचेच्या पेटीत. आणि तू तर कधी ओढलीच नाहीस! मग सिगारेटचा काय संबंध?”

आणि तिच्या वेळची माझी पुस्तिका पुढे केली. गरोदरपणी नगरपालिकेतून मिळते ती, तपासण्यांची, वजनांची. तिच्या लग्नात मीच दिली होती. इथे जपानात आया देतातच. रेशमी फडक्यात बांधून, डोळे पुसत. त्यात छापील प्रश्न आहे: सिगारेट ओढता का? ‘नाही’भोवती माझ्या हातचा गोल. काय नीटस गोल!

रोज दहा ओढत होते मी.

१३ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

आजही नाही. ती पुदिन्याच्या गोळ्या चघळत बाहेर येते, पोटावर हात ठेवून म्हणते, “बघ बाई, आजी फुगलीय.” मला तिच्या केसांचा वास सहन होत नाही. दुपारपासून चारदा हात धुतले. वास तिचा, हात माझे.

तेव्हा नर्सनं विचारलं होतं, एवढी लहान कशी? मी म्हणाले, कारखान्यात थंडी फार असते. पेटीत मिनोरीच्या फासळ्या वरखाली होत होत्या आणि मी थंडीबद्दल बोलत होते. शी.

१६ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी, भाताचे वाडगे पुढ्यात असताना.

तिनं जेवणाच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

“म्हणजे माझा दमा?”

“त्यानंच असेल. नक्की माहीत नाही.”

“दर डॉक्टरला सांगायचीस, बाबांच्या घराण्यात आहे म्हणून. बाबाही बिचारे मान डोलवायचे.”

मी वाडगे उचलू लागले.

“मग आता मला शिकवू नकोस.”

दुपारच्या गाडीनं सेंदाईला परत गेली. पुस्तिका इथेच टाकून.

२० फेब्रुवारी

फोन उचलत नाही.

६ मार्च

काझुमाचा फोन. मुलगी झाली, पाच आठवडे आधी. अठराशे साठ ग्रॅम. श्वासाला नळी लावलीय. “डॉक्टर कारण विचारतायत, आई. मिनोरीनं सांगितलं, सिगारेटला कधी हात लावला नाही. मग काय झालं असेल हो?”

मी त्याला काही बोलले नाही. मिनोरीला मेसेज केला: मला बाळ दाखवू नकोस हवं तर. डॉक्टरांना मात्र खरं सांग.

तिनं वाचलंय, दिसतंय. सांगणार नाही ती.