शिकऱ्याची भूक

२३ फेब्रुवारी. सकाळी उठून बांधावरच्या बाभळीकडे गेलो. शिकरा फांदीखाली उलटा लटकत होता, पायातली दोरी काट्यांत गुरफटलेली. शिडी लावून खाली उतरवला. मेलेला होता. तिथेच बांधाच्या कडेला पुरला. मग फॉरेस्टच्या ऑफिसात जाऊन सांगून आलो. आता दुपार कलली आहे. आज वावरात दुसरं काही काम केलं नाही.

आबा, तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. घरात आपण अहिराणीतच बोलायचो आणि मी तुम्हाला सरळ 'तू' म्हणायचो. कागद पुढे घेतला की शाळेतली भाषा येते, 'तुम्ही' येतं. ते तुम्हाला परकं वाटेल, पण मला दुसरं लिहिता येत नाही. आणि शिकऱ्याबद्दल ज्याला सांगावं असं दुसरं माणूस आता गावात नाही.

हे शिकारी पाखरू संक्रांतीच्या मांज्यात सापडलं होतं. पंख कापला गेला होता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी टाके घातले, जखम भरली, पण पंखात जोर नव्हता. असंच सोडलं असतं तर कावळ्यांनीच फाडलं असतं. मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी करून रिटायर झालो, हे फॉरेस्टच्या गार्डला माहीत होतं. तो पिंजरा घेऊन दारात आला आणि म्हणाला, "सर, तुमचे वडील शिकरा बाळगायचे म्हणतात. थोडे दिवस तुम्ही याला हातावरून उडवा. शिकार करता आली की सोडून देऊ. साहेबांना विचारलंय मी." मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्याने पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि ते पिवळे डोळे माझ्याकडे वळले. मी आत जाऊन चामड्याचा जुना हातमोजा शोधू लागलो.

मी तिसरीत असेन. सारंगखेड्याची यात्रा भरली आहे. तुम्ही डाव्या मुठीवर नवा धरलेला शिकरा घेऊन घोड्यांच्या बाजारातून चालता आहात आणि मी तुमच्या सदऱ्याचं टोक धरून मागे आहे. नव्या पाखराला माणसांची सवय करायची तर गर्दीत फिरवायचं, ही तुमची रीत. घोडे खिंकाळतात, लाउडस्पीकर वाजतो, पाखरू दर दहा पावलांना मुठीवरून उडी घेऊन उलटं लोंबतं, आणि तुम्ही न रागावता त्याला उजव्या हाताने उचलून पुन्हा बसवता. एक घोडेवाला मोठ्याने म्हणतो, "काय आबा, घोडा नही भेटना का? चिडी लई फिरी ऱ्हायना!" सगळे हसतात. तुम्ही थांबताही नाही. "तुन्हा घोडाले लगाम लागस रे भाऊ. हाई बिगर लगामनं येस." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणता, "आजून येत नही, पण त्याले काय माहीत." त्या दिवशी मला तुम्ही गावातले सगळ्यात मोठे माणूस वाटला होतात.

पुढे तो खरंच येऊ लागला. बाजरी कापलेल्या वावरात तुम्ही त्याला चेंडूसारखा तळहातात धरायचात, पंख मिटलेले, डोकं पुढे. लावा पक्षी उठला की हात मागे नेऊन फेकायचात. तो बाणासारखा जायचा. पायातलं घुंगरू एकदा वाजायचं आणि खाली धुरळा उडायचा. माय घरात मांस येऊ द्यायची नाही. तुम्ही गोठ्यामागे तीन दगडांवर तुमचं भांडं चढवायचात. शिकऱ्याच्या मांसाचा डबाही तिथेच, खुंटीला टांगलेला. त्या डब्याला मायचा पदर जरी लागला तरी ती आंघोळ करायची. "तू आन तुन्हा गिधाड," असं म्हणायची.

उडवायच्या आधी तुम्ही रोज त्याच्या छातीवर बोट फिरवायचात. माझं बोट धरूनही फिरवलंत. छातीचं हाड मधोमध असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना मांस. हाड टोचलं तर पाखरू खंगलं. हाड सापडलंच नाही तर पोट भरलेलं आहे, आज उडवायचं नाही. मधलं काहीतरी लागतं, ते बोटालाच कळतं. "पाखरू आपलं नही शे," तुम्ही म्हणायचात. "त्यानी भूक आपली शे." आणि ज्या दिवशी शिकार असेल त्या दिवशी तुम्हीही सकाळपासून काही खायचा नाहीत. माय भाकरी घेऊन मागे लागायची. तुम्ही म्हणायचात, तो भुका आणि मी जेवून जाऊ का.

मग कायदा आला. फॉरेस्टचे लोक सांगून गेले की आता हे बंद. तुम्ही कोणाशी वाद घातला नाहीत. काही दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ पोटभर चारलंत, पायातल्या चामड्याच्या वाद्या कापल्यात आणि तापीच्या काठावर नेऊन मूठ उघडलीत. तो समोरच्या झाडावर बसला. मी हाक मारायला तोंड उघडलं तर तुम्ही माझा खांदा दाबलात. "पोट भरेल पाखरू मागे देखत नही." भरल्या पोटाचं पाखरू हाकेला येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. मला हे सगळं आठवत होतं, आबा. विसरलो होतो असं मला म्हणता येणार नाही.

हा शिकरा सुरुवातीला माझ्याकडे बघायचाही नाही. मी रोज तासन्‌तास त्याला हातावर घेऊन ओट्यावर बसायचो. माय खाटेवरून बघायची. ती आता फारशी चालत नाही, पण भिंत धरून गोठ्यापर्यंत जाते. मांसाचा डबा मीही गोठ्यामागे त्याच खुंटीला टांगला होता. "खावाले दे ना त्याले, कसं देखी ऱ्हायनं," ती म्हणायची. मी म्हणायचो, "आते नही माय, उडावर." उडून हातावर आला की मगच त्याला खायला मिळायचं. पुढे तो हातावर खाऊ लागला. मग दोन हात अंतरावरून उडी मारून आला, मग दोरीवर ओट्यापासून विहिरीपर्यंत. त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. माझा डावा हात तुमच्यासारखा राहू लागला होता, कोपर पोटाला चिकटलेलं, मूठ थोडी वर. जेवतानाही तो तसाच राहायचा. तुम्ही गेल्यापासून तुमचं काही माझ्यात आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

चार-पाच दिवसांपासून तो दोरीवर येताना वेळ लावू लागला होता. काल छातीवर बोट फिरवलं तर हाड लागलंच नाही. दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. तेवढंच मांस मी देत होतो, तरी तो भरला होता. आणि मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. सगळी नोकरी गुरांत गेली. आयुष्यभर मी बरगड्या मोजून जनावर बरं झालं की नाही ते सांगितलं. भरलेलं अंग म्हणजे तब्येत, एवढंच माझ्या हाताला कळतं. मला वाटलं, गडी तयार झाला, आज मोकळं उडवू. पण मोकळं सोडायचं धाडस होईना, म्हणून पायात पातळ दोरी राहू दिली आणि तिचं टोक मात्र हातातून सोडलं. हरभरा काढलेल्या वावरात मी त्याला फेकलं. तो सुंदर उडाला. थेट बांधावरच्या बाभळीत शिरला आणि दोरी त्याच्यामागे काट्यांत गेली.

अंधार पडेपर्यंत मी खाली मांस दाखवत उभा होतो. त्याने एकदाही खाली बघितलं नाही. वरच्या फांद्यांपर्यंत मला चढता आलं नाही. शिडी मळ्यात होती. सकाळी आणू म्हणून घरी आलो. मायला सांगितलं, झाडावर बसलाय. पाखरू झाडावर बसलं यात तिला काळजीचं काही वाटलं नाही.

गार्ड आज म्हणाला, "होतं असं, सर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्याने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि माझी सही घेतली.

पण तिकडे जाण्याआधी मी त्याला पुरून घरी आलो होतो. हातपाय धुतले. माय खाटेवर उठून बसली होती. तिने विचारलं, "उडनं का?"

मी म्हणालो, "उडनं."

तिचा चेहरा असा फुलला, आबा, की मी बघत राहिलो. ती म्हणाली, "म्हणजे उडनं! मन्हामुळे उडनं ते. तू त्याले भुका मारी ऱ्हायनता. तू वावरमां गया का मी रोज चिमटावरी डबामातलं मांस दियेल शे त्याले. जोर उना म्हणीसन उडनं."

जिने जन्मभर त्या डब्याला पदर लागू दिला नाही, ती भिंत धरत गोठ्यामागे जाऊन चिमट्याने मांसाचे तुकडे काढत होती. घरातल्या मुक्या जिवाला उपाशी बघवत नव्हतं म्हणून. मी म्हणालो, "हो माय, तुन्हामुळेच." तिने विचारलं, कोणत्या बाजूला गेलं? मी नदीकडे हात दाखवला. ती तिकडे बघत बसली.

तुम्ही असता तर काल एका बोटाने सगळं ओळखलं असतं आणि तिला काही न बोलता दोन दिवस पाखरू हातावरच ठेवलं असतं. तुमच्या बोटात जे होतं ते माझ्यात आलं नाही, आणि माझ्यानंतर ते यायला कोणी नाही. गार्ड म्हणतो, पुढच्या संक्रांतीलाही पाखरं येतील. मी त्याला सांगितलं, माझ्याकडे आणू नको.

हे पत्र कुठे जाणार नाही. तरी एक सांगतो. ती सांगत असताना मला तिचा राग आला होता. थोडाच वेळ. ती नदीकडे बघत बसली तेव्हा मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून. मग तो रागही गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. अजून आलेलं नाही.

लाईट आली आहे. पपईला पाणी सोडायचं आहे. मोटार चालू करायला जातो.