टॉवेलामागचे प्रश्न

रविवार

...त्या सकाळी डबा भरून झाला होता, मी कपबशा विसळत होते. डावा हात अवघडलाय म्हणून ह्यांना उजव्या बाहीचं बटण लावता येईना. तोंडात पित्ताची गोळी होती. मी विचारलं, तर म्हणाले की नोकरीच्या गावातल्या औषधवाल्याला दाखवलंय, तो पित्तच म्हणतो. माझे हात साबणाचे होते. बटण तसंच राहिलं. दुपारी कामावरच हे गेले. हृदयविकार.

आज त्याच गावी राहायला आले. वन्संनी मागची खोली दिली, एका औषधाच्या दुकानात कामही बघून ठेवलं. खोलीत भरपूर ऊन येतं. पुस्तकांना फळी आहे. वन्सं म्हणाल्या, पुस्तकं आणलीस, पातेली विसरलीस. बऱ्याच दिवसांनी हसले.

मंगळवार

मालक शिकलेला आहे. पदवी काचेत, अक्कल कुलपात. लोक डॉक्टर म्हणतात, तोही खुशाल म्हणवून घेतो. पांढरा कोट घालून दिवसभर वर्तमानपत्रातली कोडी सोडवतो, तीही चुकीची.

भिंतीवर एक फळा आहे. काही औषधं चिठ्ठीशिवाय देता येतात, पण आधी विचारायचं: कोणासाठी? कधीपासून त्रास आहे? आणखी काय होतंय? दुसरी औषधं चालू आहेत का? खाली लिहिलंय, छातीत जळजळ आणि हातही दुखत असेल तर गोळी न देता दवाखान्यात पाठवा. त्या फळ्यावर मालक आपला टॉवेल वाळत घालतो. मी बोलले, तर म्हणाला की वहिनी, एवढ्या चौकशा केल्या तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल. ही काय सोयरीक जुळवायचीय?

दुकानाच्या पिशव्यांवरची हिरवी अक्षरं ओळखीची निघाली. ह्यांच्या खिशात अशीच पिशवी सापडली होती.

गुरुवार

दाराशी एक म्हातारी खोकल्याची बाटली धरून उभी असते. औषध घेऊनही जात नाही. मी जवळ जाऊन विचारलं, कोणासाठी? तिने बघितलंसुद्धा नाही. तिची नजर मालकावर. मी मालकाला सांगितलं, तर दाराकडे बघून म्हणाला, कोण म्हातारी?

घरी वन्संना वर्णन सांगितलं. त्यांच्या हातातल्या चिमट्यातली कढई तशीच राहिली. ती गेल्या थंडीतच गेली, म्हणाल्या.

शुक्रवार

तपासनीस आला. लगेच टॉवेल खाली! मालक येणाऱ्या प्रत्येकाला मोठमोठ्याने सगळे प्रश्न विचारायला लागला. मेला नटवा! त्याच्या प्रत्येक प्रश्नाला म्हातारीचे ओठ हलत होते. शेवटच्या उत्तरानंतर तिने बाटली खाली ठेवली आणि ती निघून गेली. बाटलीही दिसेना.

तपासनीस गेला. टॉवेल पुन्हा जागेवर.

म्हणजे ज्याने तेव्हा विचारायला हवं होतं, त्यानेच विचारलं तर सुटका.

सोमवार

आता किती जण आहेत! थेंबांची बाटली घेतलेली एक बाई. झोपेच्या गोळ्या नेलेला मुनीम. जिवंत गिऱ्हाइकं का कोण जाणे, अंग चोरून आत येतात.

वजनकाट्याजवळ हे उभे आहेत. उजव्या बाहीचं बटण उघडं.

मी हाक मारली. सगळे प्रश्न मीच विचारले. हे माझ्याकडे बघत नाहीत — त्या मूर्खाकडे बघतात.

मंगळवार

मालकाला विनवलं. म्हटलं, काट्याकडे तोंड करून एकदा विचारा, आणखी काय होतंय. फक्त एकदा. तो हसला. म्हणाला, वहिनी, तुम्हाला पुस्तकं बाधली.

हसता हसता छाती चोळत होता.

बुधवार

कपाळावर घाम. डावा हात झटकत होता. मला म्हणाला, ती पित्ताच्या गोळ्यांची पट्टी द्या जरा.

सगळे वळले. पहिल्यांदाच माझ्याकडे. हेसुद्धा.

विचारायचं एवढंच होतं. हात दुखतोय का? रिक्षा बोलवू का? तो वाचला असता. आज ना उद्या ह्यांना विचारलंही असतं त्याने —

मला फक्त तो टॉवेल दिसत होता.

मी पट्टी दिली. काही विचारलं नाही.

संध्याकाळी वन्सं बातमी घेऊन आल्या. मालक गेला, कोडं सोडवतानाच —

गुरुवार

मी दुकान उघडलं. झाडलं. काउंटर पुसला.

काट्याजवळ हे. बटण उघडंच. शेजारी तो, कोट घालून, हातात पट्टी. हे त्याच्याकडे बघतात. तो माझ्याकडे.

मी टॉवेल काढला. पहिला प्रश्न ओठावर आला. आणि कळलं — मी विचारलं की तो सुटणार. मग ह्यांना कोण —

मी टॉवेल परत फळ्यावर टाकला, स्टूल ओढलं आणि त्याला म्हटलं, आधी ह्यांना विचार, तोवर मी इथेच —