उघड्या गळ्यांचे स्वेटर

मी, जमनाबाई खंडोजीराव लाड, वय एकाहत्तर, अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मल्लेश्वरम, बेंगळुरू, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत, आणि तिची दुरुस्ती सहा जानेवारीला जयनगरच्या एका इस्पितळात ठरली आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. मी करत नाही, पण आवराआवर करून ठेवलेली बरी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

वकील श्री. बिंदुमाधव यांनी मसुदा करून दिला होता. त्यात सगळे होते, फक्त मी कुठे दिसेना. म्हणून बावीस डिसेंबरपासून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. नाताळच्या सुट्टीत जे बदलले, ते खाडाखोड न करता पुढे लिहिले आहे.

कलम १. मल्लेश्वरमचे राहते घर माझे वडील कै. खंडोजीराव यांनी बक्षीसपत्राने मला दिले. माझ्यामागे ते निम्मे माझा भाचा अभिराज, म्हणजे माझा दिवंगत भाऊ गिरीराज याचा मुलगा, याला मिळावे, आणि निम्मे माझी धाकटी बहीण संयोगिता मालोजीराव शितोळे, राहणार हुबळी, हिला मिळावे.

बहिणीच्या वाट्याचे कारण लिहून ठेवते, नाहीतर लोक मला उदार म्हणतील. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, तेराव्याला, पाने वाढलेली असताना, संयोगिता सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाली, "अक्कानं अप्पांचं केलं ते घरासाठी." अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा माझ्या निवृत्तीला काही वर्षे होती; मी रात्रपाळी मागून घेतली होती, दिवसा त्यांच्यापाशी राहता यावे म्हणून. घर कोणाचे, हा विचार करायला मला झोपच पुरी होत नव्हती. त्या जेवणानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. याला नऊ वर्षे झाली. निम्मे घर हे तिला माझे उत्तर आहे. तिने ते घ्यावे आणि गप्प बसावे.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून आधी इस्पितळाचे बिल भागवावे. उरेल त्याची लोकर घेऊन दर हिवाळ्यात आमच्या गल्लीमागच्या सरकारी शाळेतल्या लहान मुलांना स्वेटर द्यावेत. विणण्याचे काम पवित्राने बघावे. ही बेळगावकडची मुलगी माझ्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहते. तिचा हात सैल आहे, पण चिकाटी आहे. माझ्या सगळ्या सुया तिला द्याव्यात. बांबूच्या सुया उन्हात ठेवू नयेत.

कलम ३. शेजारी श्री. भीमाचार्य यांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. दरवर्षी ते म्हणतात, "बेंगळुरूत कसली आलीय थंडी?" आणि पहिल्या गार वाऱ्याला माझ्याकडे माकडटोपी मागायला येतात. त्यांना मी साक्षीदार केले आहे. वकील म्हणतात, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीला सही करू नये, पुढे वाद माजतात. म्हणून यंदाची टोपी मी त्यांना आधीच देऊन टाकली. जिवंतपणी दिलेले मृत्युपत्रात मोडत नाही.

कलम ४. पलंगाखालच्या ट्रंकेत तीन स्वेटर आहेत. तिन्हींचे पाठ, पोट, बाह्या झालेल्या आहेत, पण गळे उघडे आहेत. गळ्याचे टाके दोऱ्यावर ओवून ठेवले आहेत. हा आळस नव्हे, माझी रीत आहे. मी संयोगितासाठी पहिला स्वेटर विणला तेव्हा ती दुसरीत होती. गळा मी अंदाजाने बंद केला. तिचे डोके आमच्या घराण्यात सर्वांत मोठे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी स्वेटर काढायला गेली आणि त्यात अडकली. बाईंना कात्रीने कापावा लागला. सगळी शाळा हसली, पण ती रडली ती स्वेटरसाठी. तेव्हापासून, ज्याचा स्वेटर तो समोर येऊन घालून बघेपर्यंत मी गळा बंद करत नाही.

एक स्वेटर पवित्राचा, एक अभिराजचा. अभिराज फोनवर म्हणायचा, "आत्या, करून टाक ना गळा, मला कुठं वेळ आहे." मी म्हणायचे, "डोकं घेऊन ये." तिसरा संयोगिताचा, जांभळा. अप्पांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून विणला आणि तेराव्याच्या दिवशी ट्रंकेत टाकला. तो उसवायला मी दोनदा काढला होता. हात धजला नाही. इस्पितळात जाण्याआधी तिन्ही गळे बंद व्हावेत एवढीच माझी इच्छा आहे. तिसऱ्याची आशा धरणे म्हणजे दगडावर डोके आपटणे, हे जाणूनही मी ती लिहून ठेवत आहे.

पुढील मजकूर अठ्ठावीस डिसेंबरचा.

पवित्राचा गळा झाला. अभिराज सुट्टीला आला, त्याचाही झाला. काल सकाळी तो म्हणाला, "यशवंतपूर स्टेशनवर जाऊन येतो, आत्या, एक मित्र उतरतोय." आला तो संयोगिताला घेऊन. केस पुरते पांढरे झालेले, हातात एकच पिशवी. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ऑपरेशनचं मला ह्या पोराकडनं कळायचं होय, अक्का?"

मी म्हटले, "डोकं आणलंयस का?"

ती आत आली. मी जांभळा स्वेटर काढला. तिने अंगात घातला तो काढायलाच तयार होईना. म्हणून टाके गोल सुईवर चढवून, तिला स्टुलावर बसवून, तिच्या मानेभोवतीच मी काठ विणायला घेतला. गळ्याशी सुई असताना माणसाला मान हलवता येत नाही, भांडता तर मुळीच येत नाही. ही संधी साधून मी अभिराजला हा कागद मोठ्याने वाचायला सांगितला. त्याने सगळा वाचला. 'घ्यावे आणि गप्प बसावे' हेसुद्धा.

मी शेवटचा टाका बंद करून धागा ओढला तेव्हा ती म्हणाली, "आचार्यांबरोबर दुसरा साक्षीदार कोण?"

"अजून ठरला नाही."

"सरी, बरं झालं. मला घाल."

"साक्षीदाराला काही मिळत नाही. आत्ताच ऐकलंस ना?"

"ऐकलं, म्हणूनच म्हणते. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते खोटं बोलले, अक्का. तोंडानं नुसतं 'चुकलं' म्हणून काय होतंय? लिहून देते."

मी रडले. अभिराज चहा करायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही. पंक्तीतल्या त्या वाक्याचा राग मी नऊ वर्षे जपून ठेवला होता. तो आता मला कोणालाही ठेवून जायचा नाही.

कलम १ मधील बदल. संयोगिताचा निम्मा हिस्सा तिच्या इच्छेवरून रद्द. घर सगळे अभिराजला मिळावे. संयोगिता आत्या डिसेंबरात आली तर त्याने तिला पुढची उन्हाची खोली द्यावी. ही इस्टेट नव्हे, घरची रीत आहे. वकिलांनी यावर शंका काढू नये.

कलम ४ मधील बदल. ट्रंक रिकामी आहे. तिन्ही स्वेटर ज्याचे त्याला हातोहात दिले, म्हणून ते मृत्युपत्रात मोडत नाहीत.

कलम ५. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाचे विणले, स्वतःसाठी कधी विणले नाही. संयोगिताने उरलेल्या लोकरी गोळा करून माझ्यासाठी टाके घातले आहेत. रंगांचा मेळ म्हणाल तर नाही. तिचा हात घट्ट आहे, म्हणून तिला एक नंबर जाड सुई दिली आहे. हा स्वेटर मी कोणालाही ठेवत नाही. तो मी घालणार आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समोर सही केली, आणि त्या दोघांनी माझ्या समोर.

ठिकाण: मल्लेश्वरम, बेंगळुरू
दिनांक: ३१ डिसेंबर २०२५

(सही) जमनाबाई खंडोजीराव लाड

साक्षीदार
१. (सही) भीमाचार्य, शेजारी. टोपी मिळाली. यंदा थंडी आहे, हे मान्य.

२. (सही) संयोगिता मालोजीराव शितोळे, बहीण. मला या कागदातून काही नको. अक्काचा स्वेटर काखेपर्यंत आला आहे. गळा उघडाच ठेवणार. ती इस्पितळातून घरी येऊन घालून बघेपर्यंत मी हुबळीला जात नाही.