वच्छलाबाईंची परात

केज, मंगळवार, ३ सप्टेंबर १९१२

भाकरी थापायला शिकवणार म्हणे! मला!

परकर नेसायला लागले तेव्हापासून थापतेय. आईच्या घरी थापल्या, सासरी थापल्या. इथे आले ते काय पुन्हा पहिलीत बसायला? आम्ही पाच बाया. आमचे नवरे पाळकाचं शिक्षण घ्यायला आलेत. ते ओसरीवर सुंदरराव पाळकांपुढे शास्त्र उघडून बसतात. आणि आम्ही त्यांच्या मंडळी, वच्छलाबाईंपुढे, चुलीशी. वाटलं, झालं, शेवटी धूरच.

पण बाईंची रीत वेगळी आहे. परात एकच, मोठी पितळेची. पीठ सगळ्यांनी त्यातच मळायचं. थापायची प्रत्येकीनं, पण भाजलेली भाकर एकाच टोपल्यात टाकायची. आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची, येशूच्या नावानं सगळ्यांनी वाटून खायची भाकर पाळकाच्या घरच्या चुलीवरची असते, म्हणून हा धडा पहिला. टोपलं भरलं की कुठली कुणाच्या हातची, देवालाच ठाऊक!

आमच्यातली धारूरकडची ताराबाई आल्यापासून आपलं वेगळं शिजवून खात होती. मी कुठल्या वाड्यातली ते तिला कळलं होतं ना. आज वेगळं शिजवायला वेळच मिळाला नाही, भुकेनं कासावीस झाली. टोपल्यापाशी घुटमळली. बाईंचा उपदेश नाही, टोमणा नाही. टोपलं जरा पुढे सरकवलं एवढंच.

ताराबाईनं दोन खाल्ल्या. दुसरी माझीच होती. माझी कडेला जरा जाड राहते, मी ओळखते.

केज, ९ सप्टेंबर

आज पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली. म्हशीला दरडावावं तशी झाली. सगळ्या हसल्या, बाईसुद्धा. मग म्हणाल्या, "रतन, तू देवाशी भांडतेस. भांड. पण शेवटी त्यालाही बोलू दे." मला हे फार आवडलं.

केज, २२ सप्टेंबर

ह्यांचा नमुन्याचा उपदेश झाला. नियम असा की एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी चुका सांगायच्या. आम्ही बाया दाराआडून ऐकत होतो. ह्यांनी असा आवाज लावला की शेजारची कुत्री भुंकायला लागली! सुंदरराव म्हणाले, "धर्मराज, मंडळी चार हातांवर बसलीय. धारूरच्या किल्ल्यावर नाही."

हे घरी येऊन तोंड पाडून बसले. मी म्हटलं, बरंच झालं, आता घरातही हळू बोलाल.

नंतर सुंदररावांनी स्वतः उपदेश केला आणि ह्यांनाच पहिलं विचारलं, "माझी चूक काढा." ह्यांनी भीत भीत सांगितलं, "लांबला, साहेब." ते हसले आणि ती चूक पाटीवर सगळ्यांच्या वर लिहिली. असा गुरू मी पाहिला नाही. नवराबायको दोघंही सोन्याची आहेत.

केज, १४ ऑक्टोबर

इम्तहान पास! सुंदररावांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. ह्यांना नांदूरघाटची मंडळी द्यायची ठरतेय.

आनंद अर्धाच. तिथली मंडळी सगळी महारवाड्यातली. आम्ही मांगवाड्यातले. बाप्तिस्मा दोन्हीकडे झालाय, पण विहीर काही एक झाली नाही. मंडळीनं होकार दिला तरच पाळकपदाची दीक्षा. आणि दीक्षा झाली की त्यांना प्रभुभोजनाची भाकर माझ्या चुलीवरची खावी लागणार.

ताराबाई म्हणाली, "बायनाबाईला राजी कर. ती त्या गावातली पहिली ख्रिस्ती. ती घेईल तर गाव घेईल."

नांदूरघाट, रविवार, ३ नोव्हेंबर

मंडळीपुढे ह्यांचा पहिला उपदेश छान झाला. हळू बोलले, लांबवला नाही. लोक मान डोलवत होते. पंच शहादेव तर दोनदा डोळे पुसताना दिसला. मी म्हटलं, जिंकलो!

मग शहादेवच्या आईला, बायनाबाईला भेटायला गेले. पांढरे केस, ताठ कणा, बघूनच उभं राहावंसं वाटावं अशी. उंबऱ्याला पाय लावणार तोच म्हणाली, "तितंच बस, बाई. आत सून हाय, दिवसात हाय."

"मी काय तिला खाते का?" माझ्या तोंडून गेलंच!

ती चिडली नाही. "तुजा मालक लई ग्वाड बोलतोय. दिक्षा घिऊ द्या त्याला, आमी न्हाई कुटं म्हनतो? पर भाकर आमच्या चुलीवरची. येवडं आयकायचं."

"सुंदरराव दर तिमाहीला प्रभुभोजनाला येतात, तेव्हा वच्छलाबाईंच्या हातची खाताच की!"

"त्यांची बात निराळी. त्या बड्या घरच्या."

पाणी दिलं. वरून, ओंजळीत. मी प्याले, कारण तहान लागली होती. वाटेत मात्र रडू आवरलं नाही. दारातून सून दिसली होती, शिवकन्या. पोट पुढे आलेलं, चेहरा लहान मुलीचा. ती माझ्याकडे बघून हसली होती.

नांदूरघाट, ५ नोव्हेंबर

भांडण झालं. हे म्हणतात, "भाकर त्यांची तर त्यांची. भाकर ती भाकर. लोक जोडले जातायत ना?"

मी म्हटलं, "तुम्ही बोललेलं चालतं, मी भाजलेलं चालत नाही. मग मला शिकवलं कशाला? वच्छलाबाईंच्या परातीत हात घातला कशाला?"

मग म्हणाले, "तुझं खरं हाय." आणि जेवले नाहीत. मलाही घास गेला नाही. हा माणूस वाद हरला की उपाशी राहतो, ही एक खोड. पण हरलो म्हणून कबूल करतो. किती पुरुष करतात?

केज, १८ नोव्हेंबर

सुंदररावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंडळीवर दीक्षा लादता येत नाही. एक डिसेंबरला बैठक आहे. तिथे त्यांनीच ठरवायचं." त्यांचा चेहरा उतरला होता. भाकर दुसऱ्या घरची चालवू, असं मात्र तेही म्हणाले नाहीत.

वच्छलाबाई ऐकत होत्या. राखेनं परात घासत होत्या. एकदाही वर बघितलं नाही. मला त्यांचा जरा रागच आला.

नांदूरघाट, रविवार, १ डिसेंबर

आजचं सगळं आजच लिहिते.

बैठकीत बाया बोलत नाहीत. मागे बसतात. पंच बोलत होते, तेच ते, भाकर आमच्याकडची, भाकर आमच्याकडची. एवढ्यात वच्छलाबाई उभ्या राहिल्या! सुंदररावांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक असावं, त्या काय बोलणार ते.

"इतकी वर्षं माझ्या हातची खाल्लीत. माझी जात कोणती? सांगा."

शहादेव गडबडला. "पाळकसाहेबांची, तीच तुमची."

"ती लग्नानंतरची. सत्त्याहत्तरच्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगच्या फाटकाशी एक पोरगी सापडली. अंगावर चिंधी. आईचं नाव सांगता येईना, गावाचं सांगता येईना. वच्छला हे नाव तिथल्या स्वयंपाकीणबाईनं ठेवलं. ती मी. मी कुणाची ते मला आजवर कळलेलं नाही. रतनच्या वाड्यातली असेन. त्याच्याही पलीकडची असेन. मी चौकशी केली नाही, तुम्हीही केली नाहीत. मी फक्त भाकर आणली, तुम्ही फक्त खाल्ली. आज रतनची नको असेल तर माझ्या सगळ्या भाकरींचंही काय करायचं, ते सांगा."

एवढंच बोलून खाली बसल्या. आवाज चढला नाही. मला मोठ्यानं ओरडायचं होतं, माझी बाई! माझी बाई! त्या परात घासत होत्या तेव्हा मी त्यांच्यावर रागावले होते. एवढं ओझं घेऊन मनात तयारी करत होत्या आणि मला वाटलं, त्यांना काही पडलेली नाही. उद्यापासून केजातली माणसं त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. त्यांना हे ठाऊक होतं. तरी उभ्या राहिल्या.

बायनाबाई उठली. पदर सावरला आणि निघून गेली. कुणाकडे बघितलं नाही.

शेवटी शहादेवच बोलला. आई गेली त्या दाराकडे बघत, चाचरत. "दिक्षा व्हईल. भाकर रतनबाईच्या चुलीची. ज्याला घ्यायची त्यानं घ्यावी. जबरी कुणावर न्हाई."

म्हणजे दीक्षा मिळाली. भाकर कोण घेईल, ते रविवारी कळेल.

नांदूरघाट, शनिवार, ७ डिसेंबर

वच्छलाबाईंनी परात पाठवली, कायमची. बैलगाडीवाल्याबरोबर निरोप, "आता एकटीनं मळ. कडा पातळ ठेव." म्हणजे माझी भाकर त्यांनाही पहिल्या दिवसापासून ओळखू येत होती!

शिवकन्या बुधवारी बाळंत झाली. मुलगी. आमच्याकडे कुणी सांगायला आलं नाही, विहिरीच्या वाटेवर शहादेवच्या शेजारणीकडून कळलं. बाळंतिणीला तूप द्यावंसं वाटलं, तिच्यापाशी तसं बोललेही. दिलं तरी कोण घेणार? ठेवून दिलं.

रविवार, ८ डिसेंबर

दीक्षा झाली. मग ह्यांनी भाकरीचं ताट फिरवलं. पहिल्या रांगेनं भाकर घेतली, काहींनी नाही. बायनाबाई उशिरा आली, मागे बसली. ताट तिच्यापुढे गेलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तिनं दोन तुकडे घेतले होते. एक तोंडात. दुसरा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधत होती.

बाहेर पडताना विचारलंच, "दुसरा कावून, मावशी?"

"सून बाळंतीन हाय. तिला येता येत न्हाई, म्हून तिच्या वाटनीचा." आणि दोन पावलं जाऊन वळली. "तूप देनार व्हतीस म्हनं. चल की घरात."